तेरा विरुद्ध अडतीस : गोखल्यांचं हरलेलं बिल आणि बडोद्याचा आकडा

गेल्या विधानसभा निवडणुकीच्या आधी आमच्या दाराखालून कुणीतरी एक रंगीत पुस्तिका सरकवून गेलं. आमदारांनी पाच वर्षांत काय काय केलं त्याचा हिशेब. गुळगुळीत कागद, गुजराती मजकूर, पानापानावर फोटो. मी उभा जन्म इंजिनिअर म्हणून काढला, त्यामुळे आकडे दिसले की वाचल्याशिवाय राहवत नाही. रस्ता किती मीटर, पेव्हर ब्लॉक किती, गटाराची लांबी किती, बागेत बाकडी किती, सगळं नीट वाचलं. पण ज्या कामासाठी आपण माणूस विधानसभेत पाठवतो, त्याबद्दल पुस्तिकेत एक ओळही नव्हती. सभागृहात कोणती विधेयकं आली, आमच्या आमदारांनी कशाच्या बाजूनं मत दिलं, कशाच्या विरोधात दिलं, का दिलं, काही नाही. बाकड्यांचा हिशेब होता, मतांचा नव्हता.

योगायोग असा की त्याच आठवड्यात आमच्या मंडळाच्या बैठकीसाठी मी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्राथमिक शिक्षणाच्या बिलाचा अभ्यास करत होतो. त्यात बडोद्याचा उल्लेख सारखा येतो, म्हणून विषय मला दिला होता. कायदे कौन्सिलच्या कामकाजाचे छापील अहवाल आणि मद्रासच्या नटेसन कंपनीनं काढलेलं गोखल्यांच्या भाषणांचं पुस्तक, एवढं साहित्य समोर होतं. वाचता वाचता एक गोष्ट मनात ठसली. या माणसाला आजच्या अर्थानं मतदारच नव्हते, आणि बिल पडणार हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही आपण काय मांडलं, कुणी काय आक्षेप घेतले, त्याला आपलं उत्तर काय, याचा इतका बारीक हिशेब त्यांनी लोकांपुढे ठेवला की आपल्या हातातली ती पुस्तिका फारच हलकी वाटावी. आजचा लेख त्या हिशेबाबद्दल, आणि त्यात बडोद्यानं पुरवलेल्या आकड्याबद्दल.

मतदार नसलेला लोकप्रतिनिधी

आधी कौन्सिल म्हणजे काय प्रकरण होतं ते समजून घेऊ. गोखले १८९९ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले आणि १९०२ पासून कलकत्त्याच्या केंद्रीय कौन्सिलात बसू लागले. १९०९ च्या मोर्ले-मिंटो कायद्यानं कौन्सिलचा आकार वाढला. केंद्रीय कौन्सिलात जास्तीत जास्त ६० जादा सभासद, त्यातले २७ निवडून आलेले, बाकीचे सरकारनियुक्त. नियुक्तांमध्ये बहुतेक सरकारी अधिकारीच. शिवाय व्हाइसरॉय आणि त्यांच्या कार्यकारी मंडळाचे सभासद वेगळे. गोळाबेरीज अशी की प्रांतांच्या कौन्सिलात काही झालं तरी केंद्रात सरकारी बहुमत हलणार नाही, ही सोय कायद्यातच करून ठेवली होती.

आता ते २७ जण निवडून कोण देत असे? जमीनदारांचे वेगळे मतदारसंघ, मुसलमानांचे वेगळे, व्यापारी मंडळांचे वेगळे. उरलेले प्रांतिक कौन्सिलांमधल्या बिनसरकारी सभासदांकडून. गोखले मुंबई कौन्सिलच्या बिनसरकारी सभासदांच्या मतांवर केंद्रात गेले. म्हणजे त्यांचा मतदारसंघ एका मोठ्या खोलीत मावेल एवढा. पुण्याच्या बुधवार पेठेतला दुकानदार किंवा साताऱ्याचा शेतकरी यांना गोखल्यांना मत देता येत नव्हतं, की पाडताही येत नव्हतं.

मग त्यांनी हिशेब द्यायचा तरी कुणाला? चार-दोन डझन मतदारांना खासगी पत्र लिहून मोकळं होता आलं असतं. पण गोखल्यांची समजूत अशी होती की कौन्सिलात उभं राहून आपण बोलतो ते ज्यांना तिथे जागाच नाही त्यांच्या वतीनं. म्हणून त्यांचं कौन्सिलातलं प्रत्येक भाषण दोन श्रोत्यांसाठी असे. एक समोर बसलेलं सरकार, आणि दुसरा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचणारा माणूस. हे मनात ठेवून वाचलं की त्यांच्या भाषणांतली आकड्यांची गर्दी का आहे ते कळतं. तो पांडित्याचा हव्यास नव्हता, लोकांच्या हाती पुरावा देण्याचं काम होतं.

बडोद्याचा आकडा

१९०९ च्या सुधारणांनी सभासदांना एक नवी सवलत दिली होती. सार्वजनिक हिताच्या प्रश्नावर ठराव मांडता येऊ लागला. गोखल्यांनी तिचा लगेच फायदा घेतला. १८ मार्च १९१० रोजी त्यांनी ठराव मांडला की देशभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याची सुरुवात करावी आणि त्यासाठी सरकारी-बिनसरकारी सभासदांचं मिळून एक कमिशन नेमावं.

मागणी अगदीच नवी नव्हती. १८८२ च्या हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं लिहून दिलं होतं. पण हंटर कमिशनच्या काळात सरकारला म्हणता येत होतं की हिंदुस्थानात हे शक्यच नाही. १९१० मध्ये तसं म्हणायची सोय उरली नव्हती, आणि त्याचं कारण आपलं बडोदं.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत सक्तीचं शिक्षण सुरू केलं. अमरेली काठेवाडात, राजधानीपासून लांब. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत याला पायलट प्रोजेक्ट म्हणतात. आठ वर्षं प्रयोग पाहिला, १९०१ मध्ये सगळ्या तालुक्याला लागू केला, आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला. मुलांनाही आणि मुलींनाही. आधी दहा गावं, मग तालुका, मग राज्य, ही पायरी-पायरीची पद्धत गोखल्यांना फार उपयोगी पडली.

त्यांनी कौन्सिलपुढे ठेवलेले आकडे असे. १९०९ मध्ये बडोदा राज्यात शाळेत जाणारी मुलं सुमारे १,६५,०००, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के. ब्रिटिश हिंदुस्थानात हेच प्रमाण १.९ टक्के. शाळेच्या वयाच्या मुलग्यांपैकी बडोद्यात ७९.६ टक्के शाळेत, ब्रिटिश मुलखात २१.५ टक्के. मुली बडोद्यात ४७.६ टक्के, ब्रिटिश मुलखात ४ टक्के.

आकडे दिसले की पडताळून बघायची माझी खोड आहे. त्या काळच्या सरकारी अहवालांत शाळेच्या वयाची मुलं म्हणजे लोकसंख्येच्या १५ टक्के असं सरसकट धरत. ब्रिटिश मुलखाचे १.९ टक्के या १५ नं भागले की १२.७ येतात. मुलगे २१.५ आणि मुली ४ यांची सरासरीही तेवढीच. हिशेब चोख जुळतो. बडोद्याचा मात्र तसा जुळत नाही. ८.६ ला १५ नं भागलं तर सुमारे ५७ टक्के येतात, आणि ७९.६ व ४७.६ ची सरासरी ६३.६. म्हणजे बडोद्याच्या टक्केवारीत शाळेच्या वयाची मुलं थोडी वेगळ्या मापानं मोजली आहेत. हे लिहिणं मला जरुरीचं वाटतं, कारण आपल्या गावच्या कौतुकात आपण ७९.६ हा आकडा डोळे मिटून सांगतो. पण कमी निघालेला ५७ चा आकडा धरला तरी तो ब्रिटिश मुलखाच्या चौपटीहून जास्तच आहे. गोखल्यांचा मुद्दा त्यानं जरासुद्धा ढिला होत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बडोद्यात हे झालं ते मतदानानं नव्हे. महाराजांनी ठरवलं, आज्ञापत्रिकेत छापून आलं, अंमल सुरू झाला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. माझी आजी शाळेला कायम ‘सक्तीची शाळा’ म्हणायची. नुसतं शाळा तिच्या तोंडी कधी आलं नाही. धाकट्या भावंडांचा पाळणा हलवायला तिला घरी ठेवायचं पणजीच्या मनात फार होतं, पण दंडाच्या धाकानं पणजोबा तिला धाडत. दंडाबद्दल घरात कुरकुर चाले आणि आजी त्याच शाळेत वाचायला शिकली, दोन्ही गोष्टी खऱ्या. शिवाय पटावर नाव असणं आणि लिहिता-वाचता येणं यात अंतर असतं, आणि शाळा सुटल्यावर शिकलेलं विसरायलाही वेळ लागत नाही. महाराजांना याची जाणीव होती. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना आणून त्यांनी गावोगावी वाचनालयांची जी चळवळ उभी केली, तिच्यामागे हाच विचार होता. मांडवीजवळची आपली सेंट्रल लायब्ररी त्याच चळवळीचं फळ.

तर गोखल्यांपुढचा पेच असा होता. संस्थानात जे एका हुकुमानं झालं, ते ब्रिटिश हिंदुस्थानात कायद्यानं, मतांनी आणि लोकांच्या संमतीनं करून दाखवायचं होतं. तेही अशा सभागृहात, जिथे बहुमत आधीच सरकारच्या खिशात.

बिलात काय होतं

१९१० चा ठराव सरकारनं विचार करतो असं सांगितल्यावर गोखल्यांनी मागे घेतला. त्याच वर्षाअखेर शिक्षणाचं वेगळं खातं निघालं आणि सर हार्कोर्ट बटलर त्याचे सभासद झाले. पण सक्तीच्या बाबतीत हालचाल दिसेना. तेव्हा १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी स्वतःच बिल दाखल केलं. आज ज्याला आपण अशासकीय विधेयक म्हणतो, तसं.

बिलाचा मसुदा मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात निराशाच झाली, इतकं ते भीत भीत लिहिलेलं वाटलं. दुसऱ्या वाचनात कळलं की ही भीती नाही, बांधणी आहे. ठळक कलमं अशी:

सक्ती सगळ्या देशाला लागू नव्हती. ज्या म्युनिसिपालिटीला किंवा जिल्हा बोर्डाला ती हवी असेल, त्यांनी प्रांतिक सरकारची परवानगी घेऊन आपल्या हद्दीत लागू करायची.

त्या भागात आधीच ठराविक प्रमाणात मुलं शाळेत जात असली पाहिजेत. हे प्रमाण सरकारनं ठरवायचं. गोखल्यांनी सुचवलं ३३ टक्के.

सक्ती ६ ते १० वर्षं वयाच्या मुलग्यांना. मुलींना ती पुढे, जिथे शक्य तिथे लागू करता येईल.

एक मैलाच्या आत शाळा नसेल, मूल आजारी असेल किंवा शेतीच्या हंगामाची अडचण असेल, तर सूट.

पालकांना किरकोळ दंड. शाळेच्या वयाच्या मुलाला कामावर ठेवणाऱ्यालाही दंड.

महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ. खर्चासाठी स्थानिक संस्थेला शिक्षणकर बसवता येईल. एकूण खर्चाचे दोन वाटे सरकारनं आणि एक वाटा स्थानिक संस्थेनं उचलावा, ही गोखल्यांची मागणी १९१० पासून होतीच.

आता ३३ टक्क्यांची अट बघा. देशाची सरासरी २१.५. म्हणजे बहुतेक जिल्हे पहिल्याच दिवशी बाहेर. सक्ती येणार ती पुण्या-मुंबईसारख्या, आधीच बऱ्यापैकी शाळा असलेल्या शहरांत. बाकीच्यांनी आधी आपापली पटसंख्या वाढवायची. ही अमरेलीचीच पद्धत झाली, फक्त इथे दहा गावं महाराज निवडत नव्हते, ज्या गावांना हवं त्यांनी हात वर करायचा होता. मॉडेल म्हणून त्यांनी इंग्लंडचे १८७० आणि १८७६ चे कायदे आणि आयर्लंडचा १८९२ चा कायदा समोर ठेवले. त्यांचा रोख साधा होता. तुमच्या देशात तुम्ही जे केलंत त्यापेक्षा जास्त मी काही मागत नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र हे बिल बडोद्याच्या मागे होतं. बडोद्यात १९०६ पासून मुलींनाही सक्ती होती. गोखल्यांनी मुलींचं कलम पुढे ढकललं, कारण विरोधकांच्या हाती आयतं कोलीत द्यायचं नव्हतं. डावपेच म्हणून समजतं. तरी आजीची आठवण असलेल्या माणसाला ते खटकतंच.

वर्षभर चाललेला हिशेब

बिल दाखल झाल्यावर ते प्रांतिक सरकारांकडे, म्युनिसिपालिट्यांकडे, बोर्डांकडे, संस्थांकडे मतासाठी गेलं. वर्षभर देशात यावर चर्चा चालली. सभा झाल्या, ठराव झाले, वर्तमानपत्रांत बाजूनं आणि विरुद्ध लिहून आलं. राष्ट्रीय सभेनं पाठिंबा दिला, मुस्लिम लीगनंही दिला. कौन्सिलात दाखल झालेलं एखादं खासगी बिल घेऊन गावोगावची माणसं आपल्या मुलाच्या शाळेबद्दल भांडतायत, हे दृश्य तोपर्यंत हिंदुस्थानात दिसलं नव्हतं. मत नसलेल्या लोकांना एका बिलाबद्दल मत झालं होतं.

त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली दरबार भरला आणि बादशहांच्या वतीनं शिक्षणासाठी वर्षाला ५० लाख रुपये जाहीर झाले. पैसा आला ही चांगलीच गोष्ट. पण त्याचबरोबर सरकारला एक आधारही मिळाला. आम्ही खर्च वाढवतोच आहोत, शाळा आपोआप वाढतील, मग सक्ती कशाला?

१८ मार्च १९१२ रोजी गोखल्यांनी हे बिल सिलेक्ट कमिटीकडे पाठवावं असा प्रस्ताव मांडला. त्या वेळचं त्यांचं भाषण म्हणजे एक अहवालच आहे. आलेल्या मतांची त्यांनी वर्गवारी केली. अधिकारी काय म्हणाले, स्थानिक संस्था काय म्हणाल्या, लोकांच्या सभा काय म्हणाल्या. विरोधकांचे आक्षेप लपवले नाहीत, उलट एकेक उचलून त्याला उत्तर दिलं.

पहिला आक्षेप, लोकांची मागणी नाही. त्याला उत्तर म्हणून वर्षभराच्या सभा आणि ठरावांचा दाखला. दुसरा, जवळजवळ सगळी प्रांतिक सरकारं विरोधात आहेत. गोखल्यांनी ते मान्य केलं, पण नोकरशाहीचा कल ही काही लोकांची इच्छा नव्हे, हेही बजावलं. तिसरा, नवा कर लोकांना नको. हा आक्षेप खरा होता आणि तो आपल्याच लोकांचाही होता. म्हणून तर करायचं की नाही हे स्थानिक संस्थेवर सोडलं होतं. चौथा, आधी आपखुशीनं शिक्षण वाढू द्या. यावर त्यांचं उत्तर गणिताचं होतं. सध्याच्या चालीनं गेलं तर सगळी मुलं शाळेत यायला किती पिढ्या लागतील ते मोजा. आणि पाचवा आक्षेप, तोंडानं कमी बोलला गेलेला पण सगळ्यांना ठाऊक असलेला. गरिबांची पोरं शाळेत गेली तर शेतावर आणि घरकामाला कोण? बिलाला आडवे आलेल्यांत आपल्याकडचे जमीनदार आणि सरदार मंडळीही होती, हे विसरून चालणार नाही. सगळा दोष साहेबावर ढकलणं सोपं आहे, पण कामकाज वाचलं की तसं करता येत नाही.

बाजूनं बोलणाऱ्यांत पंडित मदनमोहन मालवीय होते, तरुण महंमद अली जिना होते. सरकारची बाजू बटलरनी मांडली. त्यांचा सूर विरोधाचा असला तरी सभ्य होता. हेतू उत्तम, वेळ आलेली नाही, एवढाच त्याचा सारांश.

१९ मार्च १९१२

दोन दिवस चर्चा झाली. जागा कलकत्त्याची. राजधानी दिल्लीला हलणार होती, कलकत्ता राजधानी म्हणून अखेरचे दिवस मोजत होतं. अध्यक्षस्थानी लॉर्ड हार्डिंग.

मतांच्या आधीचं गोखल्यांचं उत्तराचं भाषण प्रसिद्ध आहे. त्याचा आशय माझ्या शब्दांत सांगतो. आज संध्याकाळपर्यंत हे बिल पडणार हे मला माहीत आहे, माझी तक्रार नाही आणि मी खचणारही नाही. आमच्या पिढीच्या वाट्याला देशाची सेवा अपयशातूनच करणं आलं आहे, यश मिळवणारे पुढे येतील. आज पडलेलं हे बिल पुन्हा पुन्हा येत राहील, आणि त्याच्या आधीच्या मेलेल्या रूपांवर पाय देत शेवटी एक कायदा उभा राहील.

मग मतं झाली. बाजूनं १३, विरुद्ध ३८.

निवडून आलेले सभासद २७. समजा सगळ्याच्या सगळ्यांनी बाजूनं मत दिलं असतं, तरी ३८ पुढे ते पुरले नसते. पण १३ हा आकडा २७ च्या निम्म्याहूनही कमी आहे. म्हणजे सरकारी बहुमतानं बिल पाडलं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की लोकांकडून आलो म्हणवणाऱ्यांतले बरेच जण त्या दिवशी बाजूला उभे राहिले नाहीत. हे आपल्याला आज कळतं ते मतविभागणी झाली म्हणून, हो आणि नाही असे दोन रकाने पडले म्हणून. आवाजी मतदानात सरकारी बाकांचा आवाज मोठा येणारच. मतं मोजल्यामुळे ते तेरा जण इतिहासात राहिले, आणि न दिसलेले बाकीचेही राहिले.

हरल्यानंतर

सरकारनं २१ फेब्रुवारी १९१३ ला शैक्षणिक धोरणाचा ठराव काढला. सक्ती नाकारली, पण निरक्षरता दूर करण्याची जबाबदारी मान्य करून शाळा वाढवायचं आश्वासन दिलं. हरलेल्या बिलाच्या रेट्याशिवाय ते आलं असतं असं मला वाटत नाही. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गेले, वय अवघं ४८.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी मोफत आणि सक्तीचं शिक्षण सुरू केलं. पुन्हा संस्थान, पुन्हा हुकूम. पण १९१८ मध्ये मुंबई कौन्सिलात विठ्ठलभाई पटेलांनी म्युनिसिपालिट्यांसाठी सक्तीच्या शिक्षणाचं बिल मंजूर करून घेतलं. त्याचा सांगाडा ओळखीचा होता. स्थानिक संस्थेनं ठरवायचं, सरकारची परवानगी घ्यायची, मग सक्ती लागू. मेलेलं बिल परत आलं होतं. लगोलग १९१९ आणि १९२० मध्ये बंगाल, संयुक्त प्रांत, पंजाब, बिहार, मध्य प्रांत, मद्रास असे एकेक प्रांत अशाच कायद्यांच्या रांगेत आले.

राज्यघटनेच्या ४५ व्या कलमानं दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचं ध्येय ठेवलं. ते १९६० ला पुरं व्हायला हवं होतं. २००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीनं तो मूलभूत हक्क झाला, २००९ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. १६ मार्च १९११ पासून मोजलं तर ९९ वर्षं आणि १६ दिवस. आम्ही प्रकल्पांना उशीर होतो म्हणून शिव्या खातो. याच्यापुढे आमचा उशीर काहीच नाही.

पुस्तिकेकडे परत

बैठकीत हे वाचून दाखवल्यावर एका सभासदांनी विचारलं, की शेवटी बडोद्याचा मार्गच बरा नव्हता का? महाराजांनी एका हुकुमात जे केलं त्याला इतरांना शतक लागलं.

प्रश्न टाळण्यासारखा नाही. आजीला शाळा मिळाली ती महाराजांमुळे, ती कौन्सिलच्या मतांची वाट बघत बसली असती तर तिचा जन्म गेला असता. पण हुकूम चांगला निघाला हे त्या प्रजेचं नशीब. आपल्याला हवा तसा हुकूम निघेल की नाही, हे ठरवणं प्रजेच्या हातात नव्हतं. गोखल्यांच्या मार्गानं उशीर झाला, पण त्या वर्षात ज्यांना मत नव्हतं त्यांनी एका बिलाची कलमं वाचली, त्यावर सभा घेतल्या, बाजू घेतली. आणि दोन मार्ग एकमेकांचे वैरीही नव्हते. बडोद्यानं करून दाखवलं नसतं तर गोखल्यांच्या हातात आकडा नसता, आणि गोखल्यांनी तो आकडा कलकत्त्यात मांडला नसता तर तो आमच्या आज्ञापत्रिकेतच पडून राहिला असता.

आज आपल्या संसदेत आणि विधानसभांत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. मतविभागणी मागितली तरच कोण कुठे उभा राहिला ते कागदावर येतं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा व्हिप मोडणं म्हणजे सभासदत्व गमावणं. गोखल्यांच्या समोरचे सरकारी सभासदही सरकारसोबतच मत द्यायला बांधलेले होते, तेव्हा हा प्रकार आपल्याला अगदी नवा नाही. आणि अशासकीय विधेयकांचं म्हणाल तर स्वातंत्र्यानंतर संसदेत अशी चौदाच विधेयकं मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये. तेव्हा आमचे आमदार पुस्तिकेत मतांबद्दल काही लिहीत नाहीत, यात त्यांचाच सगळा दोष आहे असं मी म्हणणार नाही. लिहिण्यासारखं त्यांच्या हातात फारसं उरू दिलेलं नाही, आणि आपणही कधी विचारत नाही.

पण विचारता येतं. त्या पुस्तिकेवर शेवटच्या पानावर कार्यालयाचा पत्ता होता. मी एक साधं पत्र लिहिलं आहे, गुजरातीत. गेल्या पाच वर्षांतल्या शिक्षणासंबंधीच्या विधेयकांवर आपण काय बोललात, कोणत्या बाजूला मत दिलंत आणि का, एवढंच विचारलं आहे. सोबत १९१२ च्या मतांचा तो आकडा लिहून जोडला आहे, बाजूनं १३, विरुद्ध ३८. उत्तर आलं तर पुढच्या बैठकीत वाचून दाखवीन.